चॅनेल काढले, चूल कधी पेटणार?

आमच्या धाराशिव जिल्ह्यात पूर्वी वस्तीवर गेलो की पोरे विचारायची, "साहेब, पोलीस भरती कधी निघणार?" आता तीच पोरे मोबाईल हातात धरून विचारतात, "साहेब, चॅनेल मॉनेटाइज व्हायला किती दिवस लागतात?" परंड्यापासून उमरग्यापर्यंत, समाजमंदिराच्या ओट्यावर, बसस्टँडवर, कोर्टाच्या आवारातल्या चहाच्या टपरीवरसुद्धा हाच प्रश्न. प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्या जिल्ह्याला नीती आयोगाने २०१८ साली देशातल्या आकांक्षित, म्हणजे सरळ भाषेत मागे पडलेल्या, जिल्ह्यांच्या यादीत घातले, जिथे दर दिवाळीनंतर गावेच्या गावे कोयता घेऊन कारखान्यांच्या वाटेला लागतात, तिथल्या पोराने बिनभांडवली धंद्याचा विचार केला तर त्यात त्याचे काय चुकले? पण धंदा करायचा तर त्याचा हिशोब आधी मांडावा लागतो. तो हिशोब आमच्या पोरांना कोणी सांगत नाही. जे सांगतात ते 'महिन्याला लाख रुपये कमवा' असे सांगतात, कारण त्यांचा स्वतःचा धंदा तेवढे सांगण्यावरच चालतो.

आम्ही हा हिशोब शिकलो तो एका पोरामुळे. २०२५ च्या जानेवारीत भूम तालुक्यातला एक मुलगा आपल्या आईला घेऊन आमच्याकडे आला. एलएल.बी.च्या दुसऱ्या वर्षाला होता. हातात पुण्याच्या एका कंपनीचा इंग्रजीतला सोळा पानी करार आणि डोक्यात कॉलेज सोडण्याचा विचार. आई फडावरून आली होती, दोन दिवसांची खाडे भरून. "जयभीम वकीलसाहेब," म्हणाली, "ह्याला समजावून सांगा, नायतर मला तरी समजावून सांगा. हा काय करतोय ते आमच्या घरात कोणालाच कळंना."

तो काय करत होता? १४ एप्रिल २०२२ रोजी, जयंतीच्या मुहूर्तावर, त्याने यूट्यूबवर चॅनेल काढले. धाराशिवची लेणी, तेरचे प्राचीन अवशेष, १९४१ साली ज्या कसबे तडवळ्यात बाबासाहेबांच्या उपस्थितीत महार-मांग वतनदार परिषद झाली ते गाव, अशी एकेक ठिकाणे तो दाखवत होता. काम चांगले होते, हे आम्ही पाहून सांगतो. आवाज स्वच्छ, माहिती तपासलेली, उगाच आरडाओरडा नाही. पहिल्या हजार सबस्क्रायबरना चौदा महिने लागले. यूट्यूबने जाहिरातीचा हिस्सा द्यावा म्हणून जी दारे ओलांडावी लागतात ती ओलांडायला डिसेंबर २०२४ उजाडला. म्हणजे बत्तीस महिने. तोवर हाती आलेली रक्कम शून्य.

आता ही दारे कोणती ते पाहू. यूट्यूब २००५ साली सुरू झाले, २००६ साली गुगलने ते विकत घेतले आणि २००७ पासून व्हिडिओ करणाऱ्यांना जाहिरातीचा हिस्सा द्यायला सुरुवात झाली. सुरुवातीला दार उघडे होते. २०१७ च्या एप्रिलमध्ये अट आली की चॅनेलला एकूण १०,००० व्ह्यूज हवेत. २०१८ च्या जानेवारीत ती अटही मोडीत काढली आणि नवी लावली: १,००० सबस्क्रायबर आणि मागच्या बारा महिन्यांत ४,००० तासांचे प्रेक्षण. जे आधी आत होते पण ही अट पुरी करत नव्हते त्यांनाही बाहेर काढले. आमच्याकडे जिओ आले २०१६ च्या सप्टेंबरात. खेड्यातल्या पोराच्या हातात स्वस्त इंटरनेट येऊन दीड वर्ष होत नाही तोच दार अरुंद झाले. ज्यांनी आधी घर बांधले ते आत राहिले, ज्यांना रस्ताच उशिरा मिळाला त्यांना उंबरा उंच करून ठेवला. हे कोणी आमच्याविरुद्ध कट करून केले असे आम्ही म्हणत नाही. उशिरा पोचणाऱ्याच्या वाट्याला हेच येते, आणि उशिरा कोण पोचतो ते वाचकांना सांगायला नको.

२०२३ पासून आणखी दोन वाटा आहेत. शॉर्ट्स म्हणजे उभे छोटे व्हिडिओ करणाऱ्यांसाठी ४,००० तासांऐवजी ९० दिवसांत १ कोटी व्ह्यूज. आणि ५०० सबस्क्रायबर व ३,००० तासांवर एक अर्धे दार उघडते, पण त्यातून फक्त प्रेक्षकांनी स्वखुशीने दिलेले पैसे घेता येतात, जाहिरातीचा हिस्सा नाही.

४,००० तास हा आकडा ऐकायला लहान वाटतो. त्याची मिनिटे होतात २ लाख ४० हजार. एक माणूस तुमचा व्हिडिओ सरासरी चार मिनिटे पाहतो असे धरा. (दहा मिनिटांचा व्हिडिओ चार मिनिटे पाहिला गेला तर तो व्हिडिओ चांगला म्हणायचा.) मग वर्षात ६०,००० वेळा तो पाहिला जायला हवा. आठवड्याला दोन व्हिडिओ केले तर वर्षाचे १०४, म्हणजे प्रत्येकाला पावणेसहाशेच्या आसपास माणसे. जमण्यासारखे वाटते ना? पण गंमत अशी की हे बारा महिने पुढे सरकत राहतात. गेल्या वर्षीच्या जानेवारीतले तास या जानेवारीत गळून पडतात. आमच्या या मुलाचे तास दोनदा साडेतीन हजारांपर्यंत चढून खाली आले. पहिल्यांदा आई आजारी पडली आणि तो दीड महिना दवाखान्यात होता, दुसऱ्यांदा परीक्षा होती. गळक्या रांजणात पाणी भरण्याचे काम आहे हे. भरणारा एकटा असला की हात थांबला की पातळी उतरली.

आणि दार ओलांडले म्हणजे काय मिळते? लांब व्हिडिओवरच्या जाहिरातीच्या उत्पन्नातले ५५ टक्के करणाऱ्याला, उरलेले यूट्यूबला. शॉर्ट्सच्या बाबतीत करणाऱ्यांच्या वाट्याला आलेल्या रकमेतले ४५ टक्के. हजार व्ह्यूजमागे हातात किती पडतात याचा ठरलेला दर नाही. भाषा, विषय, सण, पाहणारा कुठे बसला आहे, यावर तो बदलतो. इंग्रजीत शेअर बाजार शिकवणाऱ्याला जे मिळते ते मराठीत लेणी दाखवणाऱ्याला मिळत नाही, कारण जाहिरातदार पाहणाऱ्याच्या खिशाची किंमत करतो, व्हिडिओची करत नाही. हिशोबापुरते हजाराला ३० रुपये धरू. ज्या ६०,००० व्ह्यूजसाठी वर्षभर रक्त आटवले त्याचे होतात १,८०० रुपये. वर्षाचे. रोजगार हमीची महाराष्ट्रातली मजुरी २०२५-२६ साठी ३१२ रुपये ठरली होती. म्हणजे सहा दिवस खडी फोडली तर वर्षभराच्या यूट्यूबपेक्षा जास्त मिळाले असते.

तेही लगेच मिळत नाही. खात्यात १०० डॉलर साठल्याशिवाय गुगल पैसे सोडत नाही. १० डॉलर झाले की तुमच्या पत्त्यावर साध्या टपालाने एक पाकीट येते, त्यात सहा आकडी पिन असतो. तो भरला नाही तर चार महिन्यांनी जाहिराती बंद होतात. आता आमच्या वस्त्यांचे पत्ते कसे असतात? 'भीमनगर, समाजमंदिराच्या मागे'. टपाल ग्रामपंचायतीत पडते, नाहीतर किराणा दुकानात. या मुलाची दोन पाकिटे हरवली. शेवटी त्याने आमच्या ऑफिसचा पत्ता दिला, तेव्हा २०२५ च्या मार्चमध्ये तिसरे पाकीट मिळाले.

कराचे एक कलम सांगून पुढे जाऊ, कारण पोरे इथे हमखास फसतात. २०२१ पासून गुगल अमेरिकेतल्या प्रेक्षकांकडून झालेल्या कमाईवर अमेरिकेचा कर कापते. आपण खात्यात कराचा फॉर्म भरून भारतीय रहिवासी असल्याचे आणि पॅन क्रमांक सांगितला तर तेवढ्याच भागावर १५ टक्के कापले जातात. फॉर्म भरलाच नाही तर जगभरच्या कमाईतून २४ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतात. भूम-परंड्यात बसून पाहिलेल्या व्हिडिओवर अमेरिकेचा कर भरायचा असेल तर भरा, आम्ही कोण सांगणारे!

मग पोट भरायला किती लागेल? चार माणसांच्या घराला महिन्याला १५,००० रुपये म्हणजे काही चैन नाही. त्याच ३० रुपयांच्या हिशोबाने महिन्याला ५ लाख व्ह्यूज हवेत. २०११ च्या जनगणनेत आमच्या जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ५७ हजार होती, तान्ह्या पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत. त्यातल्या दर सव्वातीन माणसांमागे एकाने दर महिन्याला तुमचा व्हिडिओ पाहिला तर तुमच्या घरात १५,००० रुपये येतील. आणि पुढच्या महिन्यात परत.

असे कोणाचेच होत नाही का? होते. अहिल्यानगर (तेव्हाचे अहमदनगर) जिल्ह्यातल्या सारोळा कासार गावच्या सुमन धामणे या आजींचे 'आपली आजी' चॅनेल सगळ्यांना माहीत आहे. सत्तरीची बाई, चुलीवरचा स्वयंपाक आणि मोबाईल धरणारा शाळकरी नातू. २०२० च्या टाळेबंदीत सगळे जग घरात कोंडलेले असताना ते चॅनेल वाढले. त्याच वर्षी ऑक्टोबरात ते हॅक झाले आणि मोठ्या खटपटीनंतर चार दिवसांनी परत मिळाले. आम्हाला त्या आजींचे कौतुकच आहे. पण आमच्या पोरांनी त्यातले चार दिवस लक्षात ठेवावेत. तुमची शेती कोणी रातोरात उचलून नेऊ शकत नाही. चॅनेल नेऊ शकतो.

सरकारही नेऊ शकते. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९-अ खाली टिकटॉकसह ५९ अ‍ॅप बंद केली. बंदीची कारणे काही असोत, त्या रात्री खेड्यापाड्यातल्या हजारो पोरापोरींचे सगळे फॉलोअर पुसले गेले. भरपाई नाही, नोटीस नाही. बारामती तालुक्यातल्या मोढवे गावचा सूरज चव्हाण टिकटॉकवर गाजलेला पोरगा. तो २०२४ च्या ऑक्टोबरात टीव्हीवरच्या 'बिग बॉस मराठी'चा विजेता झाला. टिकटॉक बंद पडल्यापासून सव्वाचार वर्षे झाली होती. त्याच्यासारखे जे टीव्हीपर्यंत पोचले नाहीत त्यांची नावे आज कोणाच्या लक्षात आहेत?

राजकीय बोलणाऱ्यांची गोष्ट आणखी वेगळी. २०२५ च्या एप्रिलअखेर, पहलगामच्या हल्ल्यानंतर, लखनौच्या '४ पीएम' या लाखो सबस्क्रायबर असलेल्या यूट्यूब चॅनेलवर सरकारी आदेशाने पडदा टाकण्यात आला. संपादकांना आदेशाची प्रतही मिळाली नव्हती. ते सर्वोच्च न्यायालयात गेले आणि मे महिन्यात चॅनेल परत सुरू झाले. २००९ च्या ज्या नियमांखाली अशी बंदी घातली जाते त्यातला नियम १६ सगळी कारवाई गोपनीय ठेवायला सांगतो. वकील म्हणून सांगतो, ज्या आदेशाची प्रतच मिळत नाही त्याविरुद्ध दाद मागणे म्हणजे अंधारात काठी फिरवणे. दिल्ली-लखनौच्या संपादकाला सर्वोच्च न्यायालयाची पायरी चढता येते. लोहाऱ्याच्या पोराने कोणाकडे जायचे?

बंदीपर्यंत न जाताही गळा आवळता येतो. जाहिरातदारांना अडचण होईल असे विषय यूट्यूबच्या धोरणात लिहिलेले आहेत: हिंसा, संवेदनशील घटना, वादग्रस्त मुद्दे. अशा व्हिडिओला मर्यादित जाहिराती मिळतात किंवा मिळतच नाहीत. आता सांगा, गावात बौद्ध वस्तीवर हल्ला झाला, पीडित कुटुंबाची मुलाखत घेतली, तर तो व्हिडिओ कोणत्या खान्यात जाईल? आमच्या या मुलाने एका अत्याचाराच्या प्रकरणात आठ दिवस वस्तीवर राहून व्हिडिओ केला. त्यावर पिवळी खूण पडली, म्हणजे जाहिराती मर्यादित. त्याचे सगळ्यात जास्त चाललेले व्हिडिओ कोणते विचाराल तर 'स्वाधार योजनेचा अर्ज कसा भरावा' आणि 'जात पडताळणीला कोणती कागदपत्रे लागतात'. लेण्यांवर तीन-तीन दिवस घालवून केलेल्या व्हिडिओला आठशे माणसे आणि स्वाधारच्या अर्जाला साठ हजार! आधी आम्हाला वाईट वाटले. मग वाटले, ज्याच्या खोलीचे भाडे थकले आहे तो विद्यार्थी आधी अर्जच पाहणार. लेणी शेकडो वर्षे थांबली आहेत, अजून थोडी थांबतील.

जाहिरातीने आमचा आवाज अडवणे ही काही नवी गोष्ट नाही. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाला तेव्हा त्याची जाहिरात पैसे देऊनही छापायला 'केसरी'ने नकार दिला होता, हे बाबासाहेबांच्या वाचकाला सांगावे लागत नाही. शाहू महाराजांनी दिलेल्या २,५०० रुपयांवर ते पाक्षिक उभे राहिले. बाबासाहेब तेव्हा सिडनहॅम कॉलेजात सरकारी प्राध्यापक होते, म्हणून संपादक म्हणून नाव पांडुरंग नंदराम भटकर यांचे. बाबासाहेब लंडनला गेले आणि १९२३ च्या सुमारास पाक्षिक बंद पडले. ३ एप्रिल १९२७ रोजी 'बहिष्कृत भारत' निघाले. अंकाचे चोवीस चोवीस रकाने बाबासाहेब एकहाती लिहीत. ते १९२९ च्या नोव्हेंबरात थांबले. १९३० साली 'जनता', आणि १९५६ साली त्याचेच 'प्रबुद्ध भारत'. छत्तीस वर्षांची ही पत्रकारिता. या छत्तीस वर्षांत वृत्तपत्राने बाबासाहेबांची चूल पेटवली असे एकदाही झाले नाही. 'बहिष्कृत भारत' चालवत होते तेव्हा ते वकिली करत होते आणि बाटलीबॉयच्या अकाउंटन्सी संस्थेत व्यापारी कायदा शिकवत होते. १९२८ पासून सरकारी लॉ कॉलेजात शिकवायला लागले. पोट पदवीवर चालत होते, लेखणी त्यामुळे कोणाची मिंधी नव्हती.

आम्ही हेच त्या मुलाला सांगितले. तो म्हणाला, "सर, तेव्हा बाबासाहेबांना पर्याय नव्हता. आता आहे." पोरगा हुशार आहे. त्याचे म्हणणे अगदी चूक नाही. 'केसरी'त माणूस बसला होता, त्याने जात पाहून नकार दिला. यूट्यूबच्या जाहिरातीचा लिलाव यंत्र करते, त्याला तुमचे आडनाव कळत नाही. शंभर वर्षांपूर्वी हे दार आमच्यासाठी भिंत होते, आज निदान दार आहे. पण यंत्राला आडनाव कळत नसले तरी पिनकोड कळतो, भाषा कळते आणि पाहणाऱ्याच्या खरेदीची ऐपत कळते. आमच्या देशात या तीन गोष्टींवरून आडनाव काढायला फार वेळ लागत नाही.

मग आम्ही तो सोळा पानी करार काढला. कंपनी चाळीस हजार रुपये आगाऊ देणार होती. बदल्यात पाच वर्षे चॅनेलच्या सगळ्या उत्पन्नातले साठ टक्के कंपनीचे, चॅनेलचा पासवर्ड कंपनीकडे, पाच वर्षांत दुसऱ्या कोणासाठी व्हिडिओ करायचा नाही, आणि आधी सोडले तर आगाऊ रकमेच्या तिप्पट परत. आम्ही मराठीत एकेक कलम सांगत होतो. आई खाली मान घालून ऐकत होती. तिप्पट परतीचे कलम आले तेव्हा ती म्हणाली, "वकीलसाहेब, ही तर उचलच की!"

आम्ही पंधरा वर्षे कायद्याची पुस्तके वाचून जे चार पानांत लिहिले असते ते मावशींनी पाच शब्दांत सांगितले. मुकादम दिवाळीआधी कोयत्याला उचल देतो, पट्टा पडेपर्यंत ती फिटत नाही, राहिलेली पुढच्या हंगामावर चढते, आणि टोळी सोडली तर मुकादम दारात येतो. फरक एवढाच की इथे ऊस नाही, व्हिडिओ तोडायचे. "ह्या उचलीतून तुला बाहेर काढायला मी कॉलेजात घातलं," ती पोराला म्हणाली, "आन् तू इंग्रजीत सही करून परत आत चाललास?" पोरगा काही बोलला नाही. सही झाली नाही. करार संपल्यानंतरही माणसाला धंदा करू न देणारी अट भारतीय करार कायद्याच्या कलम २७ ने रद्द ठरते. पण करार चालू असतानाच्या बंधनाला न्यायालये सहसा हात लावत नाहीत, म्हणून सही करण्याआधीच कागद वकिलाला दाखवावा. आम्ही चळवळीतल्या पोरांकडून त्याचे पैसे घेत नाही. (आम्हा वकिलांना बार कौन्सिलच्या नियम ३६ ने जाहिरात करता येत नाही, तेव्हा हे वाक्य जाहिरात समजू नये.)

गाण्यांचा प्रश्न वेगळा आणि जास्त दुखरा आहे. जयंतीच्या कार्यक्रमात गावातल्या गायकाने म्हटलेले जुने भीमगीत या मुलाने चॅनेलवर टाकले. दुसऱ्या दिवशी एका संगीत कंपनीचा दावा आला: गाणे आमच्या मालकीचे, या व्हिडिओचे उत्पन्न आम्हाला. यंत्र चाल ओळखते आणि पैशाची वाट बदलते. ज्या शाहिरांनी रात्र रात्र जागून ही गाणी लिहिली त्यांनी कॅसेटच्या जमान्यात कुठे दोनशे, कुठे पाचशे रुपयांवर कागदावर सह्या, नाहीतर अंगठे दिले. वामनदादा कर्डकांसारखा महाकवी २००४ साली गेला तेव्हा त्याच्या गाण्यांवर गावोगाव किती घरे चालत होती, आणि त्यात त्याचे स्वतःचे घर कुठे होते?

इथे कायदा आपल्या बाजूचा आहे, तो वापरला जात नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली, ती त्या वर्षी २१ जूनपासून लागू झाली. गीतकार आणि संगीतकाराने हक्क विकले तरी गाण्याच्या वापराच्या मानधनातला बरोबरीचा वाटा त्याला सोडताच येत नाही. तसा करार केला तर तो भाग रद्द. त्याच कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हक्काचे हस्तांतर लेखी आणि सहीचे हवे. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरताच. यूट्यूब जगभर चालते. किती जुन्या कागदांवर मुदत आणि प्रदेश लिहिले असतील? आमच्या शाहिरांच्या वारसांनी पेटीतले कागद काढावेत आणि इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचे सभासद व्हावे. ही संस्था गीतकार-संगीतकारांच्या वतीने रॉयल्टी गोळा करते. आपले लोक तिथे अर्जच करत नाहीत.

आणखी एक कामाची गोष्ट. बाबासाहेबांनी हयातीत प्रसिद्ध केलेल्या लिखाणावरची कॉपीराइटची साठ वर्षे २०१६ अखेर संपली. 'मूकनायक' आणि 'बहिष्कृत भारत'मधले त्यांचे लेख कोणीही वाचून दाखवावेत, त्यावर कोणाचा दावा चालणार नाही. इंग्रजी ग्रंथांच्या मराठी अनुवादांवर मात्र अनुवादकांचा हक्क असू शकतो, ते पाहून घ्यावे.

कडुबाई खरात एकतारीवर घरोघर गाऊन पोट भरणारी बाई. औरंगाबादेत कोणीतरी मोबाईलवर काढलेला त्यांचा व्हिडिओ पसरला आणि सगळा महाराष्ट्र त्यांना ओळखू लागला. पण व्हिडिओ पसरणे आणि व्हिडिओचे पैसे मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पैसे ज्याचे चॅनेल त्याला जातात, गळा कोणाचाही असो. त्यांना कार्यक्रमांची बोलावणी यायला लागली. गाणाऱ्याचे पोट चालते ते त्यावर. आमच्या पाहण्यातले जे पाच-सहा पोरे या धंद्यात तगून आहेत त्यांचेही असेच आहे. कोणी लग्नाचे शूटिंग करतो, कोणी शिकवणी घेतो, कोणी दुकानाच्या जाहिराती करून देतो. चॅनेल ही त्यांची पाटी आहे, धंदा मागच्या खोलीत चालतो.

आता थोडे आपल्या माणसांना. जयंतीला डीजेवर एका रात्रीत लाख-दीड लाख उडवणारी मंडळे आम्ही याच जिल्ह्यात पाहिली आहेत. त्याच मंडळाचा अध्यक्ष गावातल्या पोराला म्हणतो, "आमच्या मिरवणुकीचा व्हिडिओ काढून टाक की चॅनेलवर, तुझीच जाहिरात होईल." ड्रोनचे भाडे पोराने द्यायचे, पेट्रोल पोराने घालायचे, आणि वर अध्यक्षांचा फोटो मोठा नाही आला म्हणून शिव्या पोरानेच खायच्या! डीजेच्या पाचव्या हिश्श्यात वर्षभराचे चित्रीकरण होते. हे दैनिक जाहिरातीवाचून कसे चालते ते वर्गणीदारांना ठाऊक आहे. पोरांच्या चॅनेलला तर वर्गणीदारही नाहीत, नुसते अंगठे वर करणारे आहेत. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आपल्यातलेच काही चॅनेलवाले 'समाजात खळबळ', 'मोठा गौप्यस्फोट' असे ठळक अक्षरांत लिहून आत काहीच नसलेले दहा मिनिटे बोलतात. नेत्यांची भांडणे लावून व्ह्यूज मिळवतात. त्यांचे पोट लवकर भरत असेलही. त्या पोटासाठी चळवळीची किती ताटातूट झाली याचा हिशोब कोण ठेवणार?

मुलाने कॉलेज सोडले नाही. आठवड्याला दोनऐवजी एक व्हिडिओ करायचे ठरवले, तोही रविवारी. बाकीचे दिवस सकाळी कॉलेज आणि दुपारी आमच्या ऑफिसात टायपिंग. त्याला आम्ही महिना सहा हजार देतो, जास्त देण्याची आमची ऐपत नाही. २०२५ च्या ऑक्टोबरात त्याच्या खात्यावर गुगलचे पहिले पैसे जमा झाले. बँकेची कपात जाऊन साडेआठ हजारांच्या थोडे वर. चॅनेल काढून बेचाळीस महिने झाले होते, म्हणजे महिन्याला दोनशे रुपयांच्या आसपास पडले. त्याने पासबुकाचा तो कागद आम्हाला दाखवला, मग आईला फोन लावला. ती तेव्हा गाडीची वाट बघत गावाबाहेरच्या फाट्यावर बसली होती, टोळी त्याच रात्री निघणार होती. "किती आले?" तिने विचारले. त्याने आकडा सांगितला. "बरं," ती म्हणाली, "परीक्षेची फी भर आधी."